शामलाबाईंचा जादा अध्याय

तुळजापुरात तेव्हा कुजबूज अशी होती की, उपाध्यांच्या शामलाबाईंनी बाबूराव कारकुनाच्या बायकोला कादंबरी वाचून दाखवून बिघडवलं, तिचं मन नवऱ्यावरून उडवलं, आणि एके सकाळी स्वतः हाताला धरून तिला मोटारीत बसवून दिलं. काही जण त्याला वरून फोडणी देत. म्हणत, पुस्तकात नसलेला एक जादा अध्याय बाईंनी वाचला, आणि तो जिच्या कानावर पडतो ती बाई घरात टिकत नाही. महाद्वाराबाहेरचे कुंकूवाले तर एकमेकांना बजावत की, बायकोला वाचनालयाकडं पाठवू नका. पाठवायचीच तर कानात कापूस घालून पाठवा.

आता तुळजापूर हे बातमीच्या बाबतीत फार कष्टाळू गाव. देवीसुद्धा वर्षातून निद्रा घेते, पण गावाची जीभ घेत नाही. पहाटे देवीच्या चरणतीर्थाच्या पूजेला कुणाच्या तोंडून निघालेली गोष्ट अभिषेकाची गर्दी ओसरेपर्यंत चार आळ्या फिरते, दर घरी काहीतरी खाते, आणि दिवेलागणीला परत येते तेव्हा तिला तिची आईसुद्धा ओळखत नाही. शामलाबाईंची गोष्ट अशीच खाऊन-पिऊन धष्टपुष्ट झाली. तिच्यात हाड कुठलं आणि चरबी कुठली, हे बघायचं तर जरा मागं जावं लागतं.

शामलाबाई म्हणजे विष्णुपंत उपाध्यांची थोरली मुलगी. लग्न होऊन नळदुर्गाला गेली आणि सासरी मिठाची बरणी कुठल्या फडताळात असते हे कळायच्या आत विधवा होऊन परत आली. विष्णुपंतांनी तिला न्हाव्यापुढं बसवलं नाही, एवढं त्यांचं पुण्य. तिला वाचायला शिकवलं, त्याचं श्रेय मात्र पुण्याला देता येत नाही, ते मोतीबिंदूला द्यावं लागतं. पूजेला येणाऱ्या यजमानांपुढं पोथी उघडायची आणि ओळ दिसायची नाही, अशी पाळी आली तेव्हा त्यांना मुलीची आठवण झाली. निजामाच्या अमलात गावची शाळा उर्दू, आणि मुलींना तीही नाही. त्यामुळं शामलाबाई जे शिकल्या ते पोथीवरून आणि पोथीसारखं. ओळ मोठ्यानं म्हणायची, थांबायचं, समोर बसलेल्यांकडं बघायचं, आणि अर्थ सांगायचा. मुक्यानं वाचणं म्हणजे एकट्यानं लपून जेवणं, असं त्यांना वाटे.

पुढं आळीतल्या बायका दुपारी त्यांच्याकडं पोथीला जमू लागल्या. पोथीचे काही नियम असतात. सुरू केलेली अर्धी सोडायची नाही, पोथीपुढं रिकाम्या हातानं बसायचं नाही, मूठभर गहू तरी ठेवायचे. आणि सगळ्यांत कडक नियम असा की, मरणाच्या अध्यायावर पोथी बांधायची नाही. कुणी मेलं, चिता पेटली, की पुढच्या अध्यायाच्या चार ओव्या वाचायच्याच. जन्म असो, लग्न असो, नाहीतर राजाची न्याहारी असो, काहीतरी जितंजागतं कानावर पडू द्यायचं आणि मगच रुमालाची गाठ मारायची. नाहीतर ऐकून उठलेल्या बाईच्या मागोमाग ते मरण तिच्या घरात शिरतं, अशी समजूत. आमच्याकडच्या बायका एक वेळ नवऱ्याचं ऐकणार नाहीत, पण हा नियम मोडणार नाहीत.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि गावाबाहेरचा करोडगिरीचा नाका ओस पडला. सोलापूरकडून येणाऱ्या मालाची जिथं जकात घेत, त्या खोलीत नारायणराव मास्तरांनी सार्वजनिक वाचनालय उघडलं. पूर्वी तिथं आत काय भरलंय ते बघितल्याशिवाय बैलगाडी सोडत नसत. मास्तरांनी पुस्तकांच्या पेट्या मात्र न बघता उतरवून घेतल्या. मास्तर गावातले सर्वांत सुधारलेले गृहस्थ. खादी घालत, चहाला नको म्हणत नसत, आणि कादंबरी वाचताना डोळ्यांतून पाणी आलं की चश्मा पुसायचं निमित्त करत. सभासद सगळे पुरुष होते. बायकांना बंदी नव्हती, फक्त कुणी त्यांना केलं नव्हतं.

त्यांनीच एकदा विष्णुपंतांना सुचवलं की, दुपारी कचेरीच्या वेळात वाचनालय रिकामं असतं, तेव्हा शामलाबाईंनी तिथं बायकांना चांगलं काही वाचून दाखवावं. पोथ्या झाल्या, आता थोडं आधुनिक. शामलाबाईंचं वय तेव्हा चाळिशीला टेकलं होतं. यजमानांसाठी रोज पुरणाचा घाट घालायचा, सोवळं वाळत टाकायचं, आणि दुपारी भिंतीकडं बघत बसायचं, एवढाच त्यांचा दिवस. त्यांनी हो म्हणायला वेळ लावला नाही. दिवाळीनंतर वाचन सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांत असं झालं की, सकाळी पुरण वाटताना शामलाबाईंचे ओठ हलत. दुपारी सांगायचा अर्थ त्या आधी स्वतःला सांगून बघत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उद्याची वाट बघायला काहीतरी मिळालं होतं.

मास्तरांनी निवडून दिलेलं पुस्तक जाडजूड होतं. नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या काळी शिकलेल्या प्रत्येक घरात ते होतं, आणि नसलं तरी आहे म्हणून सांगत. लिहिणारे गृहस्थ पुण्याकडचे, थोर, केव्हाच वारलेले. त्यातली नायिका कमलजा. ती एका वकीलसाहेबांची बायको. तिला मूल होत नाही. वकीलसाहेबांचं मन एका शिकलेल्या मुलीकडं ओढ घेतं, पण ते सज्जन असल्यामुळं शंभर पानं नुसते सुस्कारे सोडतात. मग कमलजा स्वखुशीनं बाजूला होते, स्वतःच्या हातानं त्या मुलीला घरात आणते, आणि शेवटच्या पानावर खोकून खोकून, नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून, हसत मरते. मास्तर म्हणत, बाईचं हृदय या माणसाला जेवढं कळलं तेवढं कुणाला कळलं नाही.

शामलाबाईंनी पुस्तक चौरंगावर ठेवलं, पुढं बायकांनी मूठ मूठ गहू ठेवले, आणि कमलजेची पोथी चालू झाली. सुरुवातीला त्या साधासुधा अर्थ सांगत. वकील म्हणजे काय, मुंबई कुठं आहे, पियानो ही काय चीज असते. घोटाळा केला तो प्रेमलानं.

प्रेमला म्हणजे तहसील कचेरीतल्या बाबूरावाची बायको. माहेर येरमाळ्याचं, भावाचं तिथं रस्त्याला लागून चहा-भज्यांचं दुकान. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, आणि सासू येता-जाता ते भिंतींना सांगत असे. प्रेमला दाराशी बसायची, कारण बाबूरावाच्या हाकेला उठून पळावं लागे. हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची. एका दुपारी तिनं मधेच विचारलं, "अक्का, ही बाई जेवती कवा?"

शामलाबाई थांबल्या. पानं मागं उलटली. कमलजा ताट वाढत होती, पंखा घालत होती, दूध तापवत होती, उपास करत होती. तिच्या डोळ्यांचं वर्णन होतं, केसांचं होतं, पावलांचंसुद्धा होतं. वकीलसाहेब तर दर दहा पानांनी श्रीखंड नाहीतर सांज्याची पोळी खात होते. पण ती स्वतः पाटावर बसून घास तोंडात घालते आहे, असं एकाही पानावर नव्हतं. शामलाबाईंनी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. मग त्या म्हणाल्या, "लिहिणाऱ्यानं हिला जेवायला वाढलेलं नाही."

तिथून वाचनाची जातच बदलली. बायका आता गोष्ट ऐकत नव्हत्या, झडती घेत होत्या. कमलजा दिवसभरात कुणाशी बोलते? नवऱ्याशी. नवरा नसताना काय करते? नवऱ्याची वाट बघते. तिला आई आहे का, बहीण आहे का, शेजारीण तरी? नाही, कारण शेजारीण असती तर ती म्हणाली असती, बये, डोकं ठिकाणावर आहे का तुझं. खोकल्याचा शोध शामलाबाईंनीच लावला. इतके अध्याय ठणठणीत असलेली बाई, ज्या पानावर वकीलसाहेबांना ती शिकलेली मुलगी भेटते, त्याच्या पुढच्याच पानावर पहिल्यांदा खोकते. "हा खोकला हिला थंडीनं झालेला नाही," त्यांनी अर्थ सांगितला. "हा लेखकानं लावलाय. त्याला पुढं जागा रिकामी करून पाहिजे."

आणि कमलजा स्वखुशीनं सवत आणते तो अध्याय आला तेव्हा दूध घालणारी म्हातारी सिताबाई, जी आजवर फक्त डुलक्या घेत होती, ती खडबडून जागी झाली. म्हणाली, "आपल्या हातानं सवत? म्या माजी म्हैस बी कदी आपल्या हातानं दुसऱ्याच्या दावणीला बांधली न्हाय." बायका इतक्या हसल्या की, खिडकीतून मास्तरांनी डोकावलं.

मास्तरांना हे आवडत नव्हतं. एकदा बायका गेल्यावर त्यांनी शामलाबाईंना समजावलं की, कादंबरी ही कलाकृती असते, तिच्याकडं स्वयंपाकघरातून बघू नये. लेखक मोठा माणूस होता, त्याला बाईचं हृदय कळलं होतं. शामलाबाई पुस्तक रुमालात बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हृदय कळलं असेल, मास्तर. पोट कळलेलं नाही."

मास्तर चांगले होते, म्हणून गप्प बसले. आणि चांगले होते म्हणूनच संध्याकाळी चार जणांत हे वाक्य त्यांनी कौतुकानं सांगितलं. त्या चौघांत बाबूराव होता.

बाबूरावाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. निजामाच्या वेळी उर्दूत अर्ज लिहायचा, राज्य बदललं तेव्हा मराठीत लिहू लागला, आणि दोन्ही वेळा साहेब खूश. तोंड गोड, टोपी स्वच्छ. एका बायकोला मूल नाही तर दुसरी करावी, ही त्याच्या घरात काही नवी गोष्ट नव्हती. आजोबांनी केलं होतं, काकांनी केलं होतं. पण नवा कायदा झाला आणि सरकारी नोकराला पहिली नांदत असताना दुसरी करणं जड झालं. नोकरीच जायची. पहिलीच आपण होऊन निघून गेली, असं झालं तर मात्र कोर्टातून वाट निघते, असं त्याला कुणा वकिलानं सांगितलं होतं. हे सगळं पुढं कळलं. तेव्हा तो फक्त वाचनालयाचा एक हसतमुख सभासद होता.

पौषात, शाकंभरीच्या नवरात्राच्या सुमाराला पुस्तक संपत आलं. शेवटच्या दुपारी जागा पुरली नाही. आधी एकदाही न आलेल्या बायका आल्या होत्या, खिडकीत उभ्या होत्या. त्या दाटीत कोण आलं आणि कोण नाही, हे शामलाबाईंना दिसणं शक्यच नव्हतं. कमलजेनं नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं, हसली आणि मेली. शामलाबाईंनी वाचन थांबवलं. पुढं कोरं पान होतं आणि त्यापुढं पुठ्ठा.

कुणी उठेना. शामलाबाई म्हणाल्या, संपलं. सिताबाई म्हणाली, संपलं कसं, बाई मेली की आत्ता. फुडच्या चार वळी वाचा. शामलाबाईंनी सांगून बघितलं की ही पोथी नव्हे, कादंबरी आहे, हिला पुढं ओळी नाहीत. पण मूठ मूठ गहू ठेवलेले, चौरंगावर ठेवलेलं, रोज उदबत्ती लावलेलं पुस्तक पोथी कसं नव्हे, हे त्यांना तरी कुठं पटवता येत होतं? घरोघर लेकरं होती, बाळंतिणी होत्या. हे मरण घेऊन कोण जाणार? दाराशी एक पोटुशी सून रडायला लागली.

तेव्हा शामलाबाईंनी कोरं पान उलटलं, त्याच्यावर नजर ठेवली, आणि वाचल्यासारखा तोच हेल काढून पुढचा अध्याय म्हणायला सुरुवात केली.

त्यात कमलजा मेली नव्हती. तिला ग्लानी आली होती. वकीलसाहेब रडून रडून जेवायला निघून गेले, तेव्हा ती उठली. खोकला आला नाही. चुलीपाशी गेली, उरलेली भाकरी घेतली, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला, आणि पाटावर मांडी घालून पोटभर जेवली. लेखकानं तिला तीनशे पानं उपाशी ठेवलं होतं, त्यामुळं शामलाबाईंनी हे जेवण बराच वेळ चालवलं. लोणच्याची फोडसुद्धा सोडली नाही. मग तिनं हात धुतले आणि मुलींच्या शाळेत शिकवायला निघून गेली. काही महिन्यांनी वकीलसाहेब शोधत आले, तर तिनं त्यांना बसायला घोंगडं दिलं, ख्यालीखुशाली विचारली आणि म्हणाली, चहा घ्या आणि उजेडाचं निघा, वाटेत ओढा आहे.

बायकांनी हात जोडले. शामलाबाईंनी रुमालाची गाठ मारली. त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली.

आठवडाभरात गावात उठलं की, बाबूरावाची बायको पळाली. बाबूराव स्वतःच सांगत फिरत होता, आणि सांगताना त्याचा आवाज भरून येत होता. म्हणे, त्या वाचनानं तिचं डोकं फिरलं. म्हणे, शेवटचा अध्याय ऐकला आणि दुसऱ्या दिवशी चालती झाली. त्यानं वाचनालयातून ते पुस्तक चार दिवस घरी नेलं, शेवटची पानं ज्याला-त्याला दाखवली. कुठं आहे शाळा? कुठं आहे चहा? ही बाई मरते म्हणून छापलंय, हे बघा. मग कुणाला तरी आठवलं की, मोटारस्टँडवर शामलाबाईंसारखी कुणी बाई दिसली होती. मग ती शामलाबाईच झाली. मग तिनं हाताला धरलं होतं, असं झालं. सासवांनी सुना घरात घेतल्या. वाचनाला सिताबाई आणि दोन म्हाताऱ्या उरल्या.

शामलाबाईंना या सगळ्याची भीती वाटली, हे खरं. पण भीतीच्या खाली दुसरं एक होतं, आणि ते त्यांनी बापालाही सांगितलं नाही. पुरण वाटताना त्यांच्या मनात येई, खरंच गेली असेल का पोरगी? आपला अध्याय ऐकून? एक बाई, आपण जेवू घातलेली, उठून चालायला लागली असेल? लोक शिव्या देत आणि त्यांना आतून थोडं उंच झाल्यासारखं वाटे. मोटारीत आपण बसवलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण शब्दांनी बसवलं असेल तर?

चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा. आळीतल्या दोन बायकांबरोबर शामलाबाई येरमाळ्याला गेल्या. पालखी येते त्या रानात लोक वाकून चुन्याचे पांढरे खडे वेचतात, ते देवीला वाहतात. त्या गर्दीत शामलाबाईंना प्रेमला दिसली. भावाच्या दुकानातून भजी तळता तळता उठून आली होती. हाताला पिठाचा वास, मनगटावर तेलाचे डाग. दोघी वाकून खडे वेचू लागल्या. वाकलेल्या बायकांची तोंडं कुणी बघत नाही.

शामलाबाईंनी बराच वेळ इकडचं तिकडचं काढलं. शेवटी विचारलं, "प्रेमा, माझा अध्याय ऐकून निघालीस का ग तू?"

प्रेमला म्हणाली, "कुटला अध्याय, अक्का? शेवटच्या दुपारी मी कुठं होते तितं? तवा मी इतं येऊन पडले होते."

मग तिनं काय झालं ते सांगितलं. थोडक्यात सांगितलं, खडे वेचता वेचता. ती गेली नव्हती, तिला घालवलं होतं, एवढं शामलाबाईंना पहिल्या चार वाक्यांतच कळलं. त्यांना आधी राग आला तो स्वतःचा. आपल्या अध्यायानं कुणी उठलं नव्हतं, कुणी चाललं नव्हतं. मग त्या म्हणाल्या की, तुळजापूरला जाताच वाचनालयाच्या कमिटीपुढं सगळं सांगते, मास्तर ऐकतील, बाबूरावाचं पितळ उघडं पडेल. त्यांच्या डोक्यात लगेच वाचनाला बायका पुन्हा जमल्यासुद्धा.

प्रेमला सरळ उभी राहिली. "नका सांगू, अक्का."

शामलाबाईंना वाटलं, ही अजून त्याला वाचवते आहे. तसं नव्हतं. प्रेमलानं सांगितलं की, इथं ती आली तेव्हा पहिला महिना टाकलेली म्हणून होती. भावजय शिळी भाकरी पुढं सरकवायची, आणि शेजारणी येऊन डोक्यावरून हात फिरवायच्या, जसं मेलेल्याच्या घरी फिरवतात. मग यात्रेकरूंच्या तोंडून तुळजापूरची बातमी आली की, ही नवऱ्याला सोडून आपल्या पायानं निघून आली. त्या दिवसापासनं भावजय दबकून असते. गल्ला मोजायला बसवते. बायका नावं ठेवतात, पण समोर बोलत नाहीत.

"टाकली म्हणण्यापेक्षा गेली म्हणतात, ते काय वाईट हाय?" प्रेमला म्हणाली. "त्यात निदान मी कायतरी केलं, असं तरी हाय. तेवढं माझं राहू द्या."

शामलाबाई परत वाकून खडे वेचू लागल्या. थोड्या वेळानं प्रेमला आपणहून हसली, पदर तोंडात कोंबला, आणि म्हणाली, आता तो अध्याय सांगा तरी. शामलाबाईंनी सांगितला. भाकरी आणि लोण्यापाशी प्रेमला म्हणाली, लोणचं? शामलाबाई म्हणाल्या, ते पण होतं.

परत आल्यावर या वाचनाच्या प्रकरणावर कमिटी बसली. बायका कधी फिरकत नसत त्या वेळेला, संध्याकाळी, शामलाबाईंना वाचनालयात बोलावलं. विष्णुपंत काठी टेकत बरोबर आले. कमिटीनं सिताबाईला बोलावलं नाही; दूधवालीला काय विचारायचं. बाबूराव टोपी मांडीवर ठेवून बसला होता. मास्तरांनी आधी पुस्तकाचं विचारलं. शेवटचा अध्याय मनचा सांगितला का? शामलाबाईंनी हो म्हटलं, आणि नियमही सांगितला, मरणावर बांधायचं नाही तो. एक-दोघांनी माना डोलावल्या. त्यांच्या घरीही तो नियम होता. प्रकरण तिथं मिटण्यासारखं होतं.

मग मास्तरांनी, वाचवायच्या हेतूनंच, दुसरा प्रश्न विचारला. "शामलाबाई, तुम्ही यात्रेत प्रेमलाबाईंना भेटलात म्हणे. त्या स्वतः गेल्या, की आणखी काही घडलं? तुमच्या एका शब्दावर आहे."

बाबूरावानं टोपी उचलली आणि परत ठेवली.

शामलाबाईंनी तीन महिने एका मेलेल्या लेखकाशी एकाच गोष्टीवरून भांडण केलं होतं. बाईला बाजूला सारायचं आणि वर लिहायचं, स्वखुशीनं. त्या शब्दावर त्यांनी बायकांना किती हसवलं होतं. आता तोच शब्द त्यांच्या जिभेवर आला होता, आणि ज्या माणसाला तो ऐकायचा होता तो समोर टोपी धरून बसला होता. त्यांनी एकदा सिताबाई असती तर काय म्हणाली असती याचा विचार केला. मग म्हणाल्या, "प्रेमला स्वखुशीनं गेली. आपल्या पायानं."

"तुमचं वाचन ऐकून?"

"तसं समजा."

बाबूरावानं सुस्कारा सोडला. अगदी कादंबरीतल्यासारखा. पण उठताना त्यानं शामलाबाईंकडं बघितलं, आणि त्याला कळलं की हिला सगळं माहीत आहे. त्या दिवसापासून तो रस्त्यात त्या दिसल्या की, दुसऱ्या बाजूनं जाई.

कमिटीचा फैसला सौम्य होता. बाईंवर कुणाचा राग नाही. वाचन चालू ठेवायला हरकत नाही. फक्त छापलंय तेवढंच वाचावं, आणि अर्थ सांगू नये. विष्णुपंत म्हणाले, झालं तर, वाच की. शामलाबाईंनी पुस्तक रुमालातून सोडवलं, टेबलावर ठेवलं, रुमालाची घडी केली आणि घरी आल्या. अर्थाशिवाय वाचायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. महिला वाचन बंद पडलं. मास्तरांनी वार्षिक सभेत सांगितलं, प्रतिसादाअभावी.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. महाराष्ट्र झाला, वाचनालयाला पक्की इमारत मिळाली. विष्णुपंत वारले, पूजेचे यजमान शामलाबाईंच्या धाकट्या भावाकडं गेले, शामलाबाई त्याच घरात पुरण वाटत राहिल्या. सुना त्यांच्या सावलीला उभ्या राहत नसत. बाबूरावाला कोर्टातून मोकळीक मिळाली. पहिली बायको स्वखुशीनं गेल्याचं गावातले प्रतिष्ठित लोक सांगत होतेच, आणि त्यांना ते खुद्द शामलाबाईंनी सांगितलं होतं. त्याची दुसरी बायको सोलापूरची. तिला मुलगा झाला, बाबूराव अव्वल कारकून झाला, वाचनालयाचा उपाध्यक्षही झाला. शामलाबाई वारल्या तेव्हा तो पोचवायला आला आणि चौकात थांबून म्हणाला, बाई बुद्धिमान, पण एका घराचं वाटोळं केलं. ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या. प्रेमला तेव्हा येरमाळ्याला दुकानाच्या गल्ल्यावर बसत होती. तिच्यापर्यंत बातमी उशिरा पोचली.

प्रेमलाला मोटारीत बसवलं होतं बाबूरावानं. येडेश्वरीचा नवस फेडून ये, रविवारी न्यायला येतो, असं तिला सांगितलं, आणि फक्त जातानाचं तिकीट काढून दिलं. त्या रविवारी तो सोलापूरला मुलगी बघायला गेला.